व्हॅनमध्ये मावणारा ऑपेरा

सामानात एक दार असतं. भिंत नाही, खोली नाही. नुसती चौकट, तिच्यात बसवलेलं दार आणि ते उभं राहावं म्हणून मागून दिलेले दोन तिरके टेकू. फिरती ऑपेरा कंपनी दुपारी एखाद्या छोट्या सभागृहापाशी पोचली, की व्हॅनमधून हे दार उतरवायला दोघं जण लागतात. बाकीचं सामान त्या मानानं हलकं असतं. कपड्यांचा रॅक, एक टेबल, तीन खुर्च्या, वादकांचे स्टँड, इलेक्ट्रिक पियानो, दिव्यांच्या पेट्या. दाराला मात्र पर्याय नाही. विनोदी ऑपेरात नवरा आत येतो तेव्हा कुणाला तरी घाईघाईनं लपायचं असतं, आणि लपणाऱ्याच्या आणि शोधणाऱ्याच्या मध्ये रंगमंचावर तेवढी एक फळी असते.

संध्याकाळी त्याच दारातून चार-पाच गायक ये-जा करतात, सहा-सात वादक बाजूला बसून साथ करतात आणि पाऊण पाऊण तासाचे दोन ऑपेरा होतात. प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी दोन्हींची नावं आधी कधी ऐकलेली नसतात. रात्री अकराच्या सुमाराला दार परत व्हॅनमध्ये चढतं. हे सगळं नेमकं कसं चालतं, हे एकांकी ऑपेरा आले कुठून आणि इतके गोड असून ते अडगळीत का पडले, हे एकदा नीट उलगडून सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडी ओळख. ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि भावनेला भर आला की पद सुरू होतं. इटालियन ऑपेरात तो बोलण्याचा भागही गायलाच जातो. त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. त्यात चाल अशी जवळजवळ नसते. बोलण्याच्या लयीत सूर वर-खाली होतात, मागे हार्प्सिकॉर्डचे, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पेटीवजा तंतुवाद्याचे, मोजके स्वर असतात आणि गोष्ट भराभर पुढे सरकते. मग गोष्ट थांबते आणि एखादं पात्र मनातलं सगळं ओतून गातं, ती आरिया. फ्रेंच ‘ओपेरा कॉमिक’ आणि जर्मन ‘झिंगश्पील’ या प्रकारांत रेसिटेटिव्हऐवजी सरळ गद्य संवाद येतात, त्यामुळे ते आपल्याला लवकर जवळचे वाटतात. फक्त नावातल्या ‘कॉमिक’वर जाऊ नये. बिझेचा ‘कार्मेन’ १८७५ साली ओपेरा कॉमिक म्हणूनच रंगमंचावर आला आणि त्याचा शेवट खुनात होतो.

एकांकी ऑपेरा म्हणजे हे सगळं मध्यंतर न घेता, एका दमात. काही दहा-बारा मिनिटांत संपतात, काही सव्वा तास चालतात. बरेचसे चाळीस मिनिटं ते तासभर एवढ्यात बसतात.

आखूडपणाची शिक्षा

जे फारसं कुणी करत नाही ते कमअस्सल असणार, असा समज सहज होतो. या ऑपेरांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, आणि हा लेख लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे. रोसिनी, दोनिझेत्ती, बिझे, रावेल या संगीतकारांच्या एकांकींमध्ये त्यांच्या मोठ्या कामांइतकीच कारागिरी दिसते. त्या मागे पडल्या त्या लांबीमुळे.

मोठ्या ऑपेरागृहाची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. तिथे कायमचा वाद्यवृंद असतो, कायमचा कोरस म्हणजे समूहगायकांचा ताफा असतो, नेपथ्य बनवणारा विभाग असतो. या सगळ्यांचा पगार ठरलेला असतो, मग काम असो वा नसो. अशा ठिकाणी तीन गायकांचा चाळीस मिनिटांचा खेळ लावला तर कोरस रिकामा बसतो, निम्मे वादक रिकामे बसतात आणि तिकीट काढून आलेला माणूस तासाभरात रस्त्यावर येतो. म्हणून जोडीला दुसरा छोटा ऑपेरा लागतो. म्हणजे नेपथ्य दोनदा, कपडे दोनदा, तालमी दोनदा, आणि एवढं करून जाहिरातीत दोन अनोळखी नावं. त्यापेक्षा एक प्रसिद्ध मोठा ऑपेरा लावणं कुठल्याही व्यवस्थापकाला सोपं वाटणारच.

छोट्या ऑपेरांची एक जोडी मोठ्या घरांत कायमची रुजली, ती मास्कान्यीचा ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ आणि लेओनकाव्हाल्लोचा ‘पाल्याची’. दोन्हींत मत्सर आणि रक्तपात. विनोदी एकांकींपैकी तेवढं नशीब पुच्चीनीच्या ‘जान्नी स्किक्की’ला लाभलं. १९१८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तो पहिल्यांदा झाला, आणि त्यातली बापाची मनधरणी करणाऱ्या मुलीची आरिया आज ऑपेराशी काही संबंध नसलेल्यांच्याही कानावर असते. बाकीच्यांना घर मिळालं नाही. त्यांना कुणीतरी उचलून नेलं तरच ते जगतात.

एका अर्थानं हे त्यांच्या जन्माला धरूनच आहे.

दोन अंकांच्या फटीत

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं नेपल्स. त्या काळचा प्रतिष्ठित ऑपेरा राजे, सेनापती आणि त्यांचे धर्मसंकट यांच्याविषयी असायचा. त्याला ‘ओपेरा सेरिया’ म्हणत. तीन लांबलचक अंक, त्यात हसायला जागा नाही. मग दोन अंकांच्या मध्ये, प्रेक्षकांना विरंगुळा म्हणून, दोन-तीन पात्रांचं छोटं विनोदी प्रकरण घालायची पद्धत पडली. हेच इंटरमेझो. पहिल्या फटीत अर्धी गोष्ट, दुसऱ्या फटीत उरलेली.

५ सप्टेंबर १७३३ रोजी सान बार्तोलोमेओ नाट्यगृहात पेर्गोलेसीचा एक गंभीर ऑपेरा झाला. त्याच्या फटींमध्ये ‘ला सेर्वा पाद्रोना’ नावाचं इंटरमेझो होतं. ‘मोलकरीण झाली मालकीण’ असा त्याचा अर्थ. मूळ ऑपेरा आज अभ्यासकांनाच माहीत आहे आणि फटीतला तुकडा जगभर फिरतो आहे. पेर्गोलेसी तेव्हा २३ वर्षांचा होता; २६व्या वर्षी तो वारला.

गोष्ट दोन वाक्यांची. उबेर्तो नावाच्या वयस्क ब्रह्मचाऱ्याच्या घरी सेर्पिना नावाची मोलकरीण आहे, ती त्याच्यावर हुकूम चालवते. तिला त्याच्याशी लग्न करायचं आहे आणि ती ते करून दाखवते. पडदा उघडतो तेव्हा उबेर्तो आपल्या चॉकलेटच्या कपाची वाट बघत बसलेला असतो, तीन तास झाले तरी कप येत नाही. पेर्गोलेसी त्याच्या तोंडी छोटे छोटे त्रासलेले तुकडे देतो, तेच तुकडे पुन्हा, थोडे वरच्या सुरात पुन्हा. वाट बघणाऱ्या माणसाच्या येरझारा गळ्यातून ऐकू येतात. नंतर सेर्पिना आपण दुसऱ्याशी लग्न करून चाललो असं नाटक करते आणि हळव्या, संथ चालीत निरोप घेते. उबेर्तो विरघळायला लागला की चाल एकदम उडती होते आणि ती बाजूला वळून आपल्याला सांगते, लागला मासा गळाला. मग पुन्हा संथ, रडवेली. एकाच आरियात दोन बायका : त्याला दिसणारी आणि आपल्याला दिसणारी.

तिसरं पात्र वेस्पोने, घरातला नोकर. तो मुका आहे. सेर्पिना त्याला सैनिकाचे कपडे घालून आपला होणारा नवरा म्हणून आणते, चार हजार मोहरांचा हुंडा मागायला लावते. मुकं पात्र ठेवण्यात निव्वळ व्यवहारही आहे. गाणारी माणसं दोनच लागतात, आणि तिसऱ्याचं काम एखादा चांगला नट करू शकतो.

हा व्यवहार फार महत्त्वाचा. इंटरमेझो करणाऱ्या गायकांच्या जोड्याच असायच्या, एक स्त्री, एक पुरुष. त्या आपले खेळ बरोबर घेऊन गावोगाव आणि देशोदेशी फिरायच्या. रोझा उंगारेल्ली आणि आंतोनियो रिस्तोरिनी ही अशीच एक जोडी १७२९ साली पॅरिसपर्यंत जाऊन आली. फिरती ऑपेरा कंपनी ही कल्पना आजच्या टंचाईतून निघालेली नाही. या प्रकाराइतकीच ती जुनी आहे.

आणि छोट्या फिरत्या मंडळींनी काय घडवलं तेही बघा. १७४६ साली पॅरिसमध्ये ‘ला सेर्वा पाद्रोना’ झालं तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. १ ऑगस्ट १७५२ रोजी एउस्ताकियो बांबिनी यांच्या फिरत्या इटालियन मंडळींनी तेच थेट राजधानीच्या ऑपेरागृहात केलं आणि शहर दोन तटांत फुटलं. राजाच्या बाजूला बसणारे फ्रेंच संगीताचे कैवारी, राणीच्या बाजूला बसणारे इटालियन संगीताचे. दोन वर्षं पत्रकांवर पत्रकं निघाली. तत्त्वज्ञ रूसो इटालियन बाजूनं हिरिरीनं उतरला. त्यानं स्वतःही त्याच वर्षी ‘ल दव्हँ द्यु व्हिलाज’ हा एकांकी ऑपेरा लिहून, चाली लावून, राजासमोर सादर केला होता. वाद वरवर संगीताचा होता, पण मुळाशी प्रश्न असा होता की रंगमंचावर देव आणि राजेच का असावेत, चॉकलेटची वाट बघणारा माणूस का नसावा?

जागा कमी, परवाना त्याहून कमी

व्हेनिसमध्ये सान मोइझे नावाचं छोटं नाट्यगृह होतं. तिथे ‘फार्सा’ म्हणजे एकांकी विनोदी ऑपेरा चालायचे. पाच-सहा-सात गायक, कोरस नाही, नेपथ्य बेताचं, तालमी कमी. एका रात्रीत दोन लावायचे. नाट्यगृहाला खर्च थोडा, म्हणून नव्या पोराला संधी देण्यात धोका थोडा. १८१० साली अशी संधी १८ वर्षांच्या रोसिनीला मिळाली. १८१३पर्यंत त्यानं या एका नाट्यगृहासाठी पाच फार्सा लिहिले. पुढे ज्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’नं तो अमर झाला, त्याचा रियाझ इथे झाला असं मला वाटतं : वेग हळूहळू वाढवत, आवाज चढवत सगळ्या पात्रांना एका भोवऱ्यात ओढणं.

पाचवा ‘इल सिन्योर ब्रुस्कीनो’. त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतात रोसिनी दुसऱ्या फळीच्या व्हायोलिनवादकांना सांगतो की मध्ये मध्ये वाजवणं थांबवा आणि गजाची काठी समोरच्या स्टँडवर आपटा. टक टक टक टक. मोठ्या नाट्यगृहात हा आवाज खालच्या खड्ड्यातून येतो आणि कुठून आला ते कळत नाही. छोट्या सभागृहात वादक तुमच्यापासून दहा फुटांवर असतात. तिथे तुम्ही गज आपटताना बघता, वादकाच्या चेहऱ्यावरचं हसू बघता, आणि दोनशे वर्षांपूर्वीची खोडी ताजी होते.

पॅरिसची गोष्ट आणखी वेगळी. तिथे कुठल्या नाट्यगृहानं काय करावं हे सरकारी परवान्यावर ठरायचं. ऑफेनबाख या संगीतकारानं ५ जुलै १८५५ रोजी शाँझेलिझे रस्त्यावर, जागतिक प्रदर्शनाच्या शेजारी, एक इवलंसं लाकडी थिएटर उघडलं : बूफ-पारिझियाँ. परवान्याची अट अशी की बोलणारी पात्रं फार तर तीन, आणि अंक एकच. त्या चौकटीत त्यानं पहिल्याच रात्री आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या दोन भिकाऱ्यांचं पुलावरच्या जागेवरून भांडण लावलं आणि पॅरिस वेडं झालं. पुढे चार पात्रांची मुभा मिळाली. १८५७च्या ‘क्रोकफेर’मध्ये त्याला पाचवं पात्र हवं होतं. म्हणून त्यानं असा योद्धा आणला ज्याची जीभ शत्रूनं कापली आहे; तो बोलत नाही, लिहिलेल्या पाट्या दाखवतो. कायदा पाळला आणि पाचवा माणूसही उभा केला. १८५८मध्ये बंधनं सैल झाली आणि त्याच वर्षी त्यानं भरपूर पात्रांचा ‘ऑर्फी पाताळात’ हा मोठा खेळ काढला. पण त्याची बुद्धी सगळ्यात जास्त चमकते ती मला या बांधलेल्या काळातच दिसते.

याच ऑफेनबाखनं १८५६ साली तरुण संगीतकारांसाठी एक स्पर्धा लावली. अंतिम फेरीतल्या सगळ्यांना एकच संहिता दिली, ‘ल दॉक्तर मिराक्ल’. पहिलं बक्षीस दोघांत विभागलं गेलं : लकॉक आणि तेव्हा १८ वर्षांचा असलेला बिझे. एप्रिल १८५७मध्ये एकाच गोष्टीचे दोन ऑपेरा लागोपाठच्या रात्रींना झाले. बिझेच्या ऑपेरात एक चौकडी आहे, म्हणजे चार आवाजांचं गाणं, आणि तिचा विषय आहे ऑम्लेट. पादुआच्या नगराध्यक्षाच्या मुलीचा प्रियकर नोकराच्या वेशात घरात शिरतो आणि नाश्ता बनवतो. चार माणसं त्या ऑम्लेटपुढे उभी राहून देवळात गावं अशा गंभीर, संथ सुरात त्याची आरती केल्यासारखं गातात. मग घास घेतात, आणि ते भयंकर असतं. थोड्या वेळानं चिठ्ठी येते की त्यात विष होतं, आणि विषावर उतारा देणारा डॉक्टर म्हणजे तोच प्रियकर. या दृश्याची सगळी गंमत त्या गांभीर्यात आहे. गायकांनी एक क्षण जरी ‘हे विनोदी आहे हं’ असं दाखवलं, तरी ते पडतं.

व्हॅनचं गणित

आता आजची कंपनी. तिचं पहिलं काम असतं संगीत आकुंचित करणं. रोसिनीनं तीस-एक वादकांसाठी लिहिलेलं असतं, व्हॅनमागच्या गाडीत जागा सात जणांना असते. मग एक माणूस महिनाभर बसून ठरवतो की दोन हॉर्नचं काम एका हॉर्ननं आणि पियानोच्या डाव्या हातानं कसं भागवायचं, बारा व्हायोलिनचा दाटपणा एका व्हायोलिनकडून मागायचा की सोडून द्यायचा. चांगलं आकुंचन म्हणजे फक्त सूर वाचवणं नव्हे. संगीतकारानं एखादा विनोद ज्या वाद्याच्या आवाजावर रचला असेल, ते वाद्य ठेवावंच लागतं. बासून या खर्जातल्या फुंकवाद्यावर रचलेला विनोद व्हायोलावर, म्हणजे थोरल्या व्हायोलिनवर, होत नाही.

रावेलचा ‘लर एस्पान्योल’ हे याचं टोकाचं उदाहरण. १९११ सालचा, स्पेनमधल्या तोलेदोच्या घड्याळजीच्या दुकानात घडणारा, फक्त पाच गायकांचा. घड्याळजी बाहेर गेला की त्याच्या बायकोचे चाहते उभ्या घड्याळांच्या पेटीत लपतात आणि एक धिप्पाड खेचरवाला ती घड्याळं माणसांसकट खांद्यावर घेऊन जिना चढतो-उतरतो. गायक पाचच, पण वाद्यवृंद प्रचंड, आणि सुरुवातीला वेगवेगळ्या गतींनी टिकटिकणारे तीन मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारी यंत्रं. मेट्रोनोम व्हॅनमध्ये मावतात. वाद्यवृंद मावत नाही. आणि घड्याळं दिसायला जड, उचलायला हलकी, शिवाय आत माणूस उभा राहील एवढी रुंद बनवावी लागतात. सुताराची खरी परीक्षा.

दुसरं काम गायकांची निवड. संध्याकाळी दोन ऑपेरा करायचे तर तेच गायक दोन्हींत हवेत. म्हणून जोड्या आवाजांवरून जुळवतात. दोनिझेत्तीच्या ‘रिता’ला एक सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), एक टेनर (उंच पट्टीचा गायक), एक बॅरिटोन (मधल्या पट्टीचा गायक) लागतात. व्होल्फ-फेरारीच्या १९०९च्या ‘सुझानाचं गुपित’ला सोप्रानो, बॅरिटोन आणि पुन्हा एक मुका नोकर. त्यात नवऱ्याला घरात तंबाखूचा वास येतो, बायकोचा कुणी यार आहे अशी त्याची खात्री पटते, आणि गुपित एवढंच निघतं की बायको चोरून सिगारेट ओढते. दोन्ही घरं, दोन्ही नवरे-बायको, टेबल-खुर्च्या त्याच. टेनरला दुसऱ्या खेळात मुका नोकर करायला लावलं की हिशेब पूर्ण.

तिसरी बाब हक्कांची, म्हणजे कॉपीराइटची, आणि इथे पुष्कळ कंपन्यांचं पाऊल अडतं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये साधारणपणे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. व्होल्फ-फेरारी १९४८ साली वारला, म्हणून २०१९पासून ‘सुझाना’ तिथे मोकळी आहे. हवी तशी आकुंचित करा, कुणाला विचारायला नको. चेक संगीतकार मार्टिनू १९५९ साली वारला, त्यामुळे त्याच्या ऑपेरांसाठी २०२९ संपेपर्यंत प्रकाशकाची परवानगी, स्वरलिपीच्या प्रतींचं भाडं आणि वाद्यवृंद कमी करायचा तर त्याचीही वेगळी संमती. शिवाय संगीत जुनं असलं तरी त्याचं भाषांतर नवं असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा. जुनं ते फुकट, असं सरसकट नसतं.

पैशाचं सूत्र साधं आणि कठोर आहे. सभागृह एकतर ठरलेली हमी रक्कम देतं, तिकिटं खपोत वा न खपोत. नाहीतर उत्पन्नाची टक्क्यांत वाटणी होते. नाव अनोळखी असलं की सभागृहाला वाटणी हवी असते आणि कंपनीला हमी. बहुतेक वेळा तिकिटांतून खर्च निघत नाही. सार्वजनिक अनुदान आणि देणगीदार यांच्यावर उरलेला भार. सगळ्यात जास्त मारतो तो प्रयोग नसलेला दिवस. त्या दिवशीही राहण्याचा आणि जेवणाखाणाचा खर्च चालूच असतो.

हे मोठ्या माणसांनाही चुकलं नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यानं सहकाऱ्यांबरोबर १९४७ साली इंग्लिश ऑपेरा ग्रूप काढला तो लहान ऑपेरा घेऊन फिरण्यासाठीच. मोजके गायक, बारा-तेरा वादक. त्याच उन्हाळ्यात हॉलंड आणि स्वित्झर्लंडचा दौरा झाला, कौतुक झालं, आणि एवढ्या छोट्या संचाचा खर्चही पेलवत नाही हे लक्षात आलं. त्या दौऱ्यात गायक पीटर पिअर्सनं सुचवलं की आपल्याच गावी महोत्सव का करू नये? १९४८मध्ये ऑल्डबरा महोत्सव सुरू झाला. तिथल्या छोट्या जुबिली हॉलमधूनच पुढे लेनक्स बर्कली आणि विल्यम वॉल्टन यांचे विनोदी एकांकी ऑपेरा आले; वॉल्टनचा ‘द बेअर’ १९६७चा, चेखॉव्हच्या प्रहसनावरचा, तीन गायकांचा. त्याही आधी, १९३० साली इंग्लंडमध्ये इंटिमेट ऑपेरा कंपनी निघाली होती. तीन गायक, एक पियानो आणि विसरलेले छोटे ऑपेरा, एवढ्या भांडवलावर ती वर्षानुवर्षं फिरली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आदर त्या तीन गायकांबद्दल वाटतो.

हसू वेळेवर यायला हवं

दररोज सभागृह बदलतं म्हणजे दररोज आवाज बदलतो. गायक माइकशिवाय गातात, त्यामुळे भिंती, छत, पडदे, समोर बसलेली माणसं, सगळ्यांचा परिणाम होतो. दोनिझेत्तीच्या १८३६च्या ‘इल कांपानेल्लो’मध्ये एका म्हाताऱ्या औषधविक्याची लग्नाची पहिली रात्र आहे. रात्री कुणी घंटा वाजवली तर औषध दिलंच पाहिजे असा कायदा, आणि नवरीचा जुना प्रियकर रात्रभर सोंगं बदलून घंटा वाजवत राहतो. एका सोंगात तो बायकोच्या अनंत दुखण्यांसाठी अनंत औषधांची यादी एका श्वासात म्हणतो. हे तोफेसारखं सुटणारं गाणं, शब्दावर शब्द. पडदे आणि गालिचे असलेल्या कोरड्या सभागृहात प्रत्येक व्यंजन सुटं ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी दगडी चर्चमध्ये तेच त्याच वेगात म्हटलं तर एका शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्यावर पडतो आणि नुसता गोंगाट उरतो. म्हणून दुपारी गायक रंगमंचावर उभा राहून पहिल्या चार ओळी म्हणतो, संगीत दिग्दर्शक मागच्या रांगेत जाऊन ऐकतो, आणि त्या रात्रीपुरता वेग ठरतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. मूळ इटालियनमध्ये गावं तर शब्द कळत नाहीत. भाषांतर करून गावं तर चालीतला ठोका आणि नव्या शब्दातला ठोका जुळवावा लागतो, आणि उंच सुरावर ‘आ’ येईल असा शब्द शोधावा लागतो, कारण तिथे ‘ई’ गाताना गळा आवळतो. १९८३ साली टोरंटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकवायला सुरुवात केली आणि ही सोय जगभर पसरली. शोकांतिकेत ती छान चालते. विनोदात मात्र डोळा कानाच्या पुढे धावतो. गायकाला वाक्य पूर्ण करायला सहा सेकंद लागतात, प्रेक्षक ते दोन सेकंदांत वाचतात, आणि गायकाच्या तोंडातून विनोद निघण्याआधीच सभागृह हसून मोकळं होतं.

यावर उपाय करणारी व्यक्ती कुणाला दिसत नाही. ती मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसते, मांडीवर स्वरलिपी. ओळ ती मुद्दाम दोन तुकड्यांत तोडते. पहिला तुकडा गायकाबरोबर दाखवते, बोट बटणावर ठेवून थांबते, गायकानं श्वास घेतला की दुसरा. आज गायक जरा जास्त रेंगाळला तर तिचं बोटही रेंगाळतं. गायकानं एखादी ओळ नुसत्या भुवईनं सांगितली तर ती ओळ दाखवतच नाही. हे काम करणाऱ्याला संगीत वाचता येणं पुरत नाही, विनोद कळावा लागतो.

काय हसण्यासारखं राहिलं नाही

‘रिता’चं नाव वर आलं. दोनिझेत्तीनं तो १८४१ साली लिहिला, पण प्रयोग झाला १८६०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. रिता एका खानावळीची मालकीण. पहिला नवरा तिला मारायचा, तो समुद्रात बुडाला अशी समजूत. म्हणून दुसऱ्या नवऱ्याला आता ती मारते. मग पहिला परत येतो. संगीत सुंदर आहे, तिन्ही भूमिका सुंदर आहेत, आणि सगळा विनोद मारहाणीवर उभा आहे. आज हे समोर आणताना कानाडोळा करून चालणार नाही. काही दिग्दर्शक संवाद बदलतात, जे गद्य असल्यामुळे शक्य होतं. काही जण थपडा दाखवतच नाहीत, फक्त प्रत्येकाचं दचकणं दाखवतात. मला दुसरी वाट पटते. दचकणाऱ्या माणसाला बघून हसू येतं आणि लगेच ते का आलं याचं वाईटही वाटतं, आणि दोनिझेत्तीच्या चालींमध्ये ती दोन्ही टोकं धरून ठेवण्याची ताकद आहे.

उलट काही एकांकी काळाबरोबर अधिकच धारदार झाल्या आहेत. मेनोत्तीचा ‘द टेलिफोन’ १९४७चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. बेनला लूसीला लग्नाची मागणी घालायची आहे, पण तिचा फोन थांबतच नाही. अखेर तो बाहेर जाऊन तिला फोन करून विचारतो. मार्टिनूचा ‘पुलावरची कॉमेडी’ हा १९३७ साली प्राग रेडिओसाठी झालेला ऑपेरा. युद्ध चालू असलेल्या दोन बाजूंच्या मधला पूल. एका पहारेकऱ्यानं परवाना बघून पुलावर सोडलं, पण पलीकडचा उतरू देत नाही. मागे फिरावं तर परवाना फक्त बाहेर पडण्याचा होता. एकेक करून पाच माणसं तिथे अडकतात आणि एकमेकांची गुपितं बाहेर काढतात. आणि हिंडेमिथचा १९२७चा ‘हिन उंट त्सुरुक’, म्हणजे ‘पुढे आणि मागे’, तो तर बारा मिनिटांत संपतो. नवरा मत्सरानं बायकोला गोळी घालतो, स्वतः खिडकीतून उडी मारतो. तेवढ्यात एक ज्ञानी पुरुष येऊन म्हणतो की वरून पाहिलं तर आयुष्य पुढे गेलं काय आणि मागे गेलं काय, फारसा फरक नाही. आणि सगळं उलटं चालू लागतं. नवरा खिडकीतून परत येतो, बायको उठते, संगीताचे तुकडे उलट्या क्रमानं वाजतात, आणि शेवटी सकाळच्या नाश्त्याच्या वेळेपाशी सगळे पोचतात.

ऐकायला सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ऑम्लेटच्या चौकडीचं नाव घेते, चार-पाच मिनिटांची आहे. ती आवडली तर मग ‘ला सेर्वा पाद्रोना’ पूर्ण, पण नुसतं ऐकू नका. चित्रित प्रयोग मिळवा आणि वेस्पोनेवर नजर ठेवा. सेर्पिना आणि उबेर्तो शेवटचं गाणं गात एकमेकांच्या छातीतली धडधड वाद्यांच्या ठोक्यांबरोबर मोजत असतात. वेस्पोनेच्या वाट्याला त्यात एकही सूर नसतो. तो दाराशी उभा असतो, अजून अंगात सैनिकाचा कोट आणि ओठावर चिकटवलेली मिशी. ती कधी काढायची, हे पेर्गोलेसीनं कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक नट ते आपलं आपण ठरवतो.